दहा तबकड्यांत नसलेली कौसल्या

मैत्रिणींनो, ‘गीतरामायण’ म्हटलं की आपल्याला गदिमा आणि सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, आठवतात. पण बाबूजींच्या घरात आणखी एक गाता गळा होता. ललिताबाई फडके. आपल्यातल्या किती जणींना हे नाव ठाऊक आहे?

माहेरच्या त्या ललिता देऊळकर. लग्नाआधीच हिंदी सिनेमात त्यांचं नाव झालं होतं. १९४७ चा ‘साजन’, १९४८ चा ‘नदिया के पार’ या चित्रपटांत सी. रामचंद्रांच्या चालींवर त्या मोहम्मद रफींबरोबर गायल्या. १९४९ साली बाबूजींशी लग्न झालं, तेव्हा मंगलाष्टकं म्हणायला खुद्द रफीसाहेब उभे राहिले! पुढच्याच वर्षी श्रीधरचा जन्म झाला. तेच आजचे संगीतकार श्रीधर फडके. १९५४ मध्ये बाबूजी दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरले, तेव्हा घरात हे लहान लेकरू होतं. आपला माणूस अशा कामाला जातो तेव्हा घरातल्या बाईच्या जिवाची काय घालमेल होते, ते तुम्हाला मी काय सांगू?

१ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर शुक्रवारी सकाळी एक नवं गीत, अशी वर्षभरात ५६ गीतं झाली. लोक रेडिओपुढे उदबत्ती लावून बसायचे म्हणतात. तिथे प्रत्येक पात्राला वेगळा आवाज होता. सीतेसाठी माणिक वर्मा, रामासाठी स्वतः बाबूजी, आणि कौसल्या होती ललिताबाईंची. मूल नाही म्हणून झुरणारी, मग रामाचं कौतुक करणारी, आणि त्याला वनात जाऊ नको म्हणणारी आई त्यांनी गायली.

आमची झरी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. आमच्याकडे बऱ्याच जणांच्या कानी हे रामायण पडलं ते नंतर, उत्सवात भोंग्यावर लागलेल्या रेकॉर्डींवरून. एचएमव्हीनं दहा तबकड्यांचा संच काढला होता. तसाच एक जुना संच मी परभणीहून विकत आणला. कव्हरं फाटलेली, कडांना वाळवी लागलेली. तबकड्या ओल्या फडक्यानं पुसल्या, पिन बदलली आणि लावल्या. थोडी खरखर झाली, मग बाबूजींचा तो स्वच्छ आवाज आला. एकेक शब्द मोत्यासारखा.

कौसल्येचं गाणं लागलं, तेव्हा भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, की कौसल्या तर बाईमाणूस, मग तिचं दुःख हा गडी कसा काय गातोय? मी हसले खरी, पण प्रश्न मनात राहिला. बाबूजी कार्यक्रमात सगळी गीतं एकटेच गात. त्यांनी ती गायलीही जीव ओतून, आणि तीच संचात आली. दहा तबकड्या, वीस बाजू, पण ललिताबाईंची कौसल्या त्यात कुठेच नाही.

लग्नानंतर त्यांचं गाणं कमी होत गेलं. का, यावर मी काय बोलणार? आपण प्रत्येकीनं आपल्या घरात असं काहीतरी पाहिलेलं असतं. माझी आई ओव्या गायची, तिची एकही ओवी कुणी टेप केली नाही. बाबूजी २००२ मध्ये गेले, ललिताबाई २०१० मध्ये.

पण आनंदाची गोष्ट अशी की आकाशवाणीवरची मूळ गाणी आजही ऐकायला मिळतात. मुलांना सांगा, ती मोबाईलवर शोधून देतील. सासूबाईंना मी ती लावून दिली. त्यांनी भाजी बाजूला सारली आणि डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, की आता ही आई वाटली.

येत्या रामनवमीला तुम्हीही लावा. आणि घरात कुणी म्हातारी गात असेल, तर तिचा आवाज त्याच मोबाईलमध्ये भरून ठेवा.