विश्लेषण : छत गळत नाही, तरी भिंतीला ओल का? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १६५ वर्षांपूर्वी काय सांगून ठेवले?

सप्टेंबरचा पाऊस लागला की कुर्डुवाडीतल्या जुन्या घरांमध्ये एक ओळखीचा कुबट वास सुरू होतो. भिंतीला टेकलेले कपाट सरकवले तर मागे काळे ठिपके दिसतात, चुन्याचे पोपडे सुटलेले असतात, पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरलेली असते. थंडीत पत्र्याच्या घरात आणखी एक प्रकार होतो. पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि थेंब अंथरुणावर पडतात. छत गळत नाही, नळ फुटलेला नाही, तरी पाणी येते. मग दरवर्षी रंग, पुट्टी, वॉटरप्रूफिंग यावर खर्च होतो आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा वर येतात.

हे पाणी बऱ्याचदा घरातल्याच हवेतले असते. ती हवा बाहेर काढली पाहिजे, हे साध्या घरगुती भाषेत लिहून ठेवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घ्यावे लागते. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी बाई, एवढीच त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून लक्षात राहते. त्यांचे बरेचसे आयुष्य मात्र इमारती, गटारे, खिडक्या आणि आकडेवारी यांत गेले.

गणिताची आवड असलेली श्रीमंत घरची मुलगी

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. शहराचे नावच मुलीला दिले गेले. वडिलांनी घरीच भाषा, इतिहास शिकवला, गणिताची ओढ तिची स्वतःची. मुलीने रुग्णालयात काम करणे त्या काळी अशा घराला कमीपणाचे वाटे, त्यामुळे घरच्यांचा विरोध मोडायला बरीच वर्षे गेली.

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू असताना ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. ही मुळात तुर्की सैन्याची बराक. खाली तुंबलेली गटारे, वर खच्चून भरलेली दालने आणि हवा बाहेर जायला वाट नाही. पहिल्या हिवाळ्यात गोळी लागून मेलेल्यांपेक्षा ताप, जुलाब आणि कॉलरा यांनी मेलेले सैनिक कितीतरी जास्त होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचारासाठी आलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के दगावत होते.

मार्चमध्ये लंडनहून एक आरोग्य समिती आली. त्यात डॉक्टर जॉन सदरलँड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन हे अभियंता होते. त्यांनी गटारे धुऊन काढली, पिण्याचे पाणी सुधारले, भिंतींना चुना मारला आणि हवा खेळण्यासाठी वाटा मोकळ्या करून घेतल्या. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले.

यातला मुद्दा नाइटिंगेल यांनाही लगेच उमगला नव्हता. सुरुवातीला त्या अन्न, कपडे आणि सामानाच्या टंचाईलाच दोष देत होत्या. इंग्लंडला परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर महिन्यामहिन्याचे आकडे मांडताना इमारतीचा दोष त्यांच्या लक्षात आला. आपल्या देखरेखीखाली माणसे मेली आणि कारण डोक्यावरच्या छतात व पायाखालच्या गटारात होते, ही जाणीव त्यांना पुढे कधी स्वस्थ बसू देत नव्हती. १८५८ मध्ये त्यांनी हे आकडे पाकळ्यांसारख्या रंगीत आलेखात मांडले. आजच्या इन्फोग्राफिकची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

पुस्तकाचे पहिले प्रकरण हवेवर

शुश्रूषेवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८५९ च्या अखेरीस तयार झाले. ते नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी नव्हते, घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य बायकांसाठी होते. पहिलेच प्रकरण औषधावर नाही, खोलीतल्या हवेवर आहे. दुसरे घराच्या आरोग्यावर आहे.

आतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ ठेवा आणि तरी आजाऱ्याला गारठू देऊ नका, हे त्यांचे मुख्य सूत्र. गारवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थंडगार खोलीतली हवाही कोंदट असू शकते, असे त्या बजावतात. खिडकी वरच्या बाजूने उघडा, हवा थेट बाहेरून घ्या, जिन्यातून किंवा दुसऱ्या खोलीतून आलेली हवा ताजी नसते. शेगडीच्या धुराड्याचे तोंड बंद करू नका, ही त्यांची ठाम सूचना. त्या काळी थंडी आत येते म्हणून लोक धुराडे बुजवत असत.

ओलीबद्दलचा भाग आजही जसाच्या तसा लागू पडतो. ओले टॉवेल, चादरी आजाऱ्याच्या खोलीत विस्तवापुढे वाळत घालण्याच्या सवयीवर त्यांनी टीका केली. कापड वाळले म्हणजे पाणी नाहीसे झाले असे नाही. ते खोलीच्या हवेत गेले आणि माणूस आता तीच हवा घेणार, हा त्यांचा मुद्दा. पावसाळ्यात आतल्या खोलीत दोरी बांधून, पंखा लावून कपडे वाळवणाऱ्या प्रत्येक घराला हे लागू होते.

खोलीतली हवा मोजण्याचे साधे साधन प्रत्येक झोपण्याच्या खोलीत असावे, असेही त्यांना वाटे. रसायनशास्त्रज्ञ अँगस स्मिथ यांची हवेची चाचणी होती, पण घरी वापरण्याइतकी सोपी नव्हती. आज हवेतली आर्द्रता दाखवणारे घड्याळाएवढे यंत्र काही शे रुपयांत मिळते.

पाणी नेमके येते कुठून?

गरम हवा जास्त वाफ धरते, थंड हवा कमी. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरू शकते, २० अंशांना हाच आकडा १७ ग्रॅमवर येतो. वाफेने भरलेली उबदार हवा थंड भिंतीला किंवा पत्र्याला टेकली की उरलेले पाणी तिथेच उतरते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटते तेच हे.

चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. यात एक स्रोत सहसा लक्षात येत नाही, तो म्हणजे गॅस. एक किलो गॅस जळाला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होते. म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात सुमारे २२ लिटर पाणी सुटलेले असते. भाजी-आमटीची वाफ वेगळीच.

सोलापूर भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांत याची सोय होती. माळवदाला साने ठेवलेले असे, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला छतातच ठेवलेले भोक. चुलीच्या उबेने हलकी झालेली हवा धुरासह वाफही घेऊन तिथून निघून जाई आणि दारातून नवी हवा आत येई. चूल गेली, गॅस आला. धूर दिसेनासा झाला तेव्हा साने कशाला हवे, म्हणून कुणी फरशी टाकली, कुणी काच बसवली, कुणी वर स्लॅबच ओतला. लंडनच्या लोकांनी धुराडे बुजवले, इकडे साने बुजले. धूर थांबला तरी वाफ थांबली नव्हती.

भारताबद्दल त्यांचे काय चुकले?

१८५९ हे साल या भागासाठीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी पुण्याकडून येणारा लोहमार्ग बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकापर्यंत आला. त्याच वर्षी भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग नेमला गेला. त्यामागे नाइटिंगेल यांचा पाठपुरावा होता. स्त्री म्हणून त्यांना आयोगावर जागा नव्हती. भारतभरच्या लष्करी ठाण्यांना पाठवायची प्रश्नावली मात्र त्यांनीच तयार केली आणि आलेल्या उत्तरांचे ढिगारे स्वतः वाचले. १८६३ च्या अहवालात धक्कादायक आकडा होता. हजार सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू, आणि बहुतेक लढाईतले नव्हेत.

नाइटिंगेल भारतात एकदाही आल्या नाहीत. युद्धावरून परतल्यावर त्या दीर्घ आजारी होत्या आणि बरेचसे काम लंडनमधल्या घरातून, अंथरुणावर बसून करत. त्यामुळे त्यांचे काही अंदाज साफ हुकले. खिडक्या सदैव उघड्या हव्यात हा आग्रह त्यांनी भारतासाठीही धरला, तेव्हा इथले अधिकारी हैराण झाले. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी खिडकी उघडली तर आत फक्त झळा येतात, हे सोलापूर जिल्ह्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. जाड भिंतींचे घर सकाळी नऊ-दहाला बंद करायचे आणि रात्री उघडायचे, ही इथली रीत. त्यांना माघार घ्यावी लागली, पण सहजासहजी नाही.

शेणाने सारवलेल्या जमिनीची त्यांनी केलेली थट्टाही लंडनच्या खोलीत बसूनच केलेली होती. सारवलेली मातीची जमीन हवेशीर घरात ओल सोडते आणि वाळते. अडचण हवा कोंडली की सुरू होते.

आणखी एक चूक मोठी होती. रोग दूषित हवेतूनच उपजतात असे त्या मानत, जंतूंची कल्पना त्यांनी बराच काळ स्वीकारली नाही. कारण चुकीचे असले तरी उपाय बव्हंशी बरोबर निघाले. गर्दी कमी झाली, पाणी-गटारे सुधारली. १८६४ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. १८७३ पर्यंत सैन्यातले मृत्यू हजारी १८ पर्यंत खाली आल्याचे नाइटिंगेल यांनीच नोंदवले आहे.

मुंबई-पुण्याशी नाते

सैन्यापासून सुरू झालेली त्यांची चौकशी पुढे इथल्या गावांकडे वळली. मुंबईचे राज्यपाल राहिलेले सर बार्टल फ्रिअर त्यांचे स्नेही झाले. मुंबई शहराचे आरोग्य अधिकारी आणि नंतर इलाख्याचे आरोग्य आयुक्त झालेले डॉ. हेवलेट यांच्या कामावर त्यांनी १८७९ मध्ये इंग्लंडच्या मासिकात लेख लिहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दख्खनच्या दुष्काळानंतर शेतकऱ्यांचे कर्ज आणि पाटबंधारे यांवरही त्या लिहू लागल्या. मुंबईचे पत्रकार बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्यातही त्यांनी लक्ष घातले होते. गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत आरोग्याची व्याख्याने द्यावीत, हा त्यांचा शेवटच्या वर्षांतला आग्रह होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या. प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि चाळीच्या प्रत्येक खोलीला उजेड-वारा मिळण्यासाठी दोन इमारतींत किती अंतर हवे, याचे नियम ठरू लागले. तोवर नाइटिंगेल यांची दृष्टी अधू होत चालली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

मग जुन्या घरात खिडकी कधी उघडायची?

त्यांची सूचना इथल्या हवामानाला जुळवून घ्यावी लागते. थंडीत काम सोपे आहे. बाहेरची हवा कोरडी असते, त्यामुळे सकाळी समोरासमोरची दार-खिडकी दहा-पंधरा मिनिटे उघडली तरी रात्रभराची वाफ निघून जाते. पत्र्याच्या घरात वरच्या बाजूला जाळीचा झरोका ठेवला तर पहाटेचा घाम कमी होतो.

पावसाळ्यात मात्र थोडे डोके लावावे लागते. झड लागलेली असताना बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते आणि जाड दगडी भिंत आतून गार असते. अशा वेळी खिडकी सताड उघडी ठेवली तर भिंत वाळण्याऐवजी आणखी ओलावू शकते. म्हणून पाऊस उघडला, ऊन पडले की घर मोकळे करावे. एरवी वाफ जिथे तयार होते तिथूनच बाहेर काढावी. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात छताजवळ एक्झॉस्ट पंखा बसवून तो काम संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा आणि मधले दार लावून घ्यावे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले तरी मागचे काळे ठिपके कमी होतात. बुजवलेले साने पुन्हा उघडणे शक्य असेल तर वर पावसाची टोपी आणि जाळी बसवून घेता येते.

चुन्या-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला असेल तर भिंतीतली ओल आतच अडकते, तिथे नुसत्या खिडकीने भागत नाही. डाग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ रेषेत चढला असेल, त्यावर पांढरा क्षार फुलला असेल, तर पाणी पायातून येत आहे. छताजवळ एकाच जागी पिवळा डाग पडून दर पावसात वाढत असेल, तर छत गळते आहे. या दोन्हींवर पंखा लावून काही होणार नाही, तिथे गवंडीच बोलवावा लागेल.