घोड्यावरून सायबेरिया पालथा घालणारा मेजर

गुप्तहेर म्हटलं की खोटी दाढी आणि बनावट कागदपत्रं आठवतात. जपानच्या फुकुशिमा यासुमासा यांनी आपली सगळ्यात मोठी कामगिरी मात्र स्वतःच्या नावानं, दिवसाढवळ्या आणि घोड्यावर बसून पार पाडली. ज्यांची माहिती काढायची, तेच रशियन अधिकारी वाटेत त्यांचा पाहुणचार करत होते!

१८५२ मध्ये मात्सुमोतो इथल्या सामुराई घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८६८ नंतर जपान बदलू लागला तशी सामुराईंची जुनी पत हळूहळू गेली. या पोरानं तलवारीपेक्षा भाषा जवळ केल्या. इंग्रजीच्या जोरावर आधी न्याय खात्यात आणि मग लष्करात त्यांना काम मिळालं. पुढं चिनी, जर्मन, फ्रेंच, रशियन अशी भर पडत गेली. जपानी हेरगिरीची सुरुवात बंदुकीपेक्षा शब्दकोशापासून झाली म्हणायला हरकत नाही.

१८७८ मध्ये जपाननं स्वतंत्र जनरल स्टाफ उभारला. दुसऱ्याच वर्षी फुकुशिमा चीनमध्ये पोहोचले आणि वेष पालटून काही महिने फिरले. १८८६ मध्ये ते ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातही पाहणी करून गेले. त्यानंतर बर्लिनच्या वकिलातीत लष्करी प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली.

तेव्हा टोकियोला एकच घोर लागला होता. १८९१ मध्ये रशियानं सायबेरियातून रेल्वेमार्ग टाकायला घेतला होता. रूळ पूर्वेच्या समुद्राला भिडले, की युरोपातली फौज थेट जपानच्या दारात उतरणार. काम कुठवर आलंय, हे जाऊन बघणं भाग होतं. एवढं अंतर घोड्यावरून कापता येईल का, यावर दारूच्या बैठकीत पैज लागली, अशी कथा सांगतात. पैज खरी असो वा नसो, बहाणा झकास होता.

११ फेब्रुवारी १८९२ रोजी त्यांनी बर्लिन सोडलं. सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को, उरल, अल्ताई, मंगोलिया, इर्कुत्स्क, मग मांचुरिया. घोडे थकले, बदलावे लागले. हाडं गोठवणारी थंडी होती. सायबेरियात घोड्यावरून पडून डोक्याला मोठी जखमही झाली. तरी गडी थांबला नाही. १२ जून १८९३ रोजी ते व्लादिवोस्तोकला पोहोचले. सुमारे १४ हजार किलोमीटर! मायदेशी त्यांचं जंगी स्वागत झालं. प्रवासातले घोडेसुद्धा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात ठेवले गेले.

लोकांना साहस दिसलं, जनरल स्टाफला नकाशा मिळाला. रस्ते, नद्या, छावण्या, कुठं दाणापाणी मिळतं, रेल्वे कुठं अडलीय, हे सगळं एका माणसाच्या डोळ्यांखालून गेलं होतं. १९०४ च्या फेब्रुवारीत जपाननं रशियाशी युद्ध सुरू केलं, तेव्हा बैकल सरोवराला वळसा घालणारा रेल्वेमार्ग अजून पुरा व्हायचा होता. रशियाची कुमक तिथंच रखडली. युद्धाची वेळ जपाननं उगाच निवडली नव्हती.

त्याआधी १९०० मध्ये चीनमधल्या बॉक्सर उठावाच्या वेळी जपानची पहिली तुकडी फुकुशिमांच्या हाताखाली गेली. १९०२ मध्ये ब्रिटनशी मैत्रीचा करार झाल्यावर लंडनमधल्या लष्करी बोलण्यांतही ते होते. रशियाशी लढताना मांचुरियातल्या सेनेच्या मुख्यालयात बसून त्यांनी हेरगिरीची सूत्रं हलवली. स्थानिक घोडेस्वार लुटारूंनाही शत्रूच्या पिछाडीवर सोडलं गेलं. एकट्या माणसाच्या भटकंतीतून सुरू झालेलं काम आता सरकारी खातं झालं होतं.

जपानी पुस्तकांत ते वीर ठरतात. पण हीच माहिती कोरिया आणि मांचुरिया गिळायलाही कामी आली, हे विसरून चालत नाही. १९१२ मध्ये फुकुशिमा स्वतः क्वांतुंग या रशियाकडून मिळवलेल्या पट्ट्याचे गव्हर्नर-जनरल झाले. ज्या मुलखात कधी परका प्रवासी म्हणून फिरले, त्याच्याच एका टोकाला हाकीम म्हणून बसले. १९१४ मध्ये जनरलपद मिळालं आणि ते निवृत्त झाले. फेब्रुवारी १९१९ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.