डॉ. फ्रान्सिस्कु लुईश गोमिश ह्यांचें अल्पचरित्र

गोमंतकांतील साष्टी तालुक्यांत, मडगांवानजीक, नावेली हा गांव आहे. तेथें एका ख्रिस्ती कुटुंबांत ता. ३१ मे १८२९ रोजीं फ्रान्सिस्कु लुईश गोमिश ह्यांचा जन्म झाला. पणजीच्या वैद्यकशाळेंतून १८५० सालीं ते डॉक्टर झाले, तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस होतें. पुढें त्यांनीं लष्करी वैद्य म्हणून सेवा केली. शिवाय इतिहास व अर्थशास्त्र ह्यांचाही मोठा व्यासंग केला.

१८६० सालीं गोमंतकानें त्यांस पोर्तुगालच्या प्रतिनिधिसभेवर निवडून दिलें. १८६१ च्या आरंभीं लिस्बन येथें केलेल्या पहिल्याच भाषणांत त्यांनीं समुद्रापलीकडील प्रजेच्या प्रतिनिधित्वाच्या हक्काचा निर्भयपणें पुरस्कार केला. त्याच वर्षीं फ्रेंच कवि लामार्तीन ह्यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं हिंदुस्थानाकरितां स्वातंत्र्य व ज्ञानप्रकाश मागितला. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेस तेव्हां चोवीस वर्षांचा अवकाश होता!

देहाच्या रोगावर औषध चालतें. पण दारिद्र्याचें मूळ जमिनीच्या व्यवस्थेंत असेल, तर तेथें औषधाची बाटली काय करणार? १८६२ सालीं डॉ. गोमिश ह्यांनीं गोमंतकांतील शेती व जमिनीची मुक्तता ह्या विषयावर पुस्तक लिहिलें. १८६६ सालीं त्यांची ‘ब्राह्मण’ ह्या अर्थाच्या नांवाची पोर्तुगीज कादंबरी निघाली. तींत त्यांनीं आपल्याकडील जातिगर्व व गोऱ्यांचा वर्णगर्व ह्या दोहोंवरही सारखाच प्रहार केला. पुढल्याच वर्षीं अर्थशास्त्रावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला.

परंतु इतरांच्या व्याधींवर इलाज शोधणाऱ्या ह्या वैद्याचा देह क्षयानें पोखरला. १८६९ सालीं ते स्वदेशीं येण्यास निघाले, पण ता. ३० सप्टेंबर रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, बोटीवरच त्यांचें देहावसान झालें. त्यांचें शव समुद्रास अर्पण करण्यांत आलें. नावेलीच्या मातींत त्यांस विसावा मिळाला नाहीं. तेथील जिल्हा ग्रंथालय मात्र आज त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

लोकांचा प्रतिनिधि होणें म्हणजे मान मिळविणें, असा समज आपल्यांत सहज रूढ होतो. डॉ. गोमिश ह्यांस तो मान मिळाला, पण त्यांनीं तो दुसऱ्यांच्या दुःखाची दाद लावण्याकडे खर्चिला. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं, जे तरुण शिकून मोठे होत आहेत, त्यांनीं ही गोष्ट मनीं धरावी. आपली विद्या ज्यांच्या कष्टांवर उभी आहे, त्यांचें ऋण फेडावयाचें राहिलें आहे.