रोकेया सखावत हुसेन : स्वप्नातील राज्य आणि वास्तवातील शाळा

प्रास्ताविक

आदर्श समाजाचे कल्पनाचित्र रंगवणाऱ्या साहित्याला ‘युटोपिया’ म्हणतात. १५१६ मध्ये टॉमस मोर यांच्या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली. भीषण समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या साहित्यासाठी ‘डिस्टोपिया’ ही संज्ञा वापरतात. या दोन्ही संकल्पना आपल्याकडे पाश्चात्त्य वाङ्मयातून आल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि १९०५ मध्येच एका भारतीय स्त्रीने विज्ञानाच्या आधारे उभा राहिलेला आदर्श समाज कथेत साकारला होता. त्या लेखिकेच्या, म्हणजेच रोकेया सखावत हुसेन यांच्या, चरित्राचा परिचय या घटकात करून घ्यावयाचा आहे.

बालपण आणि भाषा

रोकेया यांचा जन्म १८८० मध्ये रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद या गावी एका जमीनदार घराण्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. घरात पडद्याची प्रथा इतकी कडक होती, की पाचव्या वर्षापासून त्यांना परक्या स्त्रियांसमोर येण्याचीही मुभा नव्हती. घराण्यात अरबी, फारसी आणि उर्दू या भाषांना प्रतिष्ठा होती. भोवतालच्या समाजाची बोली असलेली बंगाली मात्र मुलींनी शिकावी, हे वडिलांना मान्य नव्हते. थोरली बहीण करीमुन्निसा यांनी रोकेयांना बंगालीची गोडी लावली. थोरले बंधू इब्राहिम साबेर हे रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवत. दिवसाची कामे आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या शिक्षणाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

१८९८ च्या सुमारास त्यांचा विवाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते वयाने बरेच मोठे, विधुर आणि उर्दूभाषक होते. परंतु पत्नीच्या लेखनाला त्यांनी मनापासून उत्तेजन दिले.

‘सुलतानाज ड्रीम’

ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९०८ मध्ये पुस्तकरूपाने आली. कथेतील सुलतानाला स्वप्नात एक देश दिसतो. तेथे स्त्रिया राज्यकारभार पाहतात आणि पुरुष ‘मर्दान्या’त बंदिस्त आहेत. ही उलथापालथ बळाच्या जोरावर झालेली नाही. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी घेण्याची युक्ती शोधली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. शेजारच्या राजाने आक्रमण केले आणि पुरुषांचे सैन्य हरले. तेव्हा विद्यार्थिनींनी साठवलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडली आणि त्याला पळवून लावले. त्याआधीच पुरुष अंतःपुरात गेले होते. ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

या कथेत विनोद आहे आणि उपरोधही आहे. स्त्रियांना कोंडण्यासाठी जी कारणे पुढे केली जात, तीच पुरुषांना लागू केली की त्यांचा फोलपणा उघड होतो. भूमिकांची अदलाबदल करून रूढीचे परीक्षण करणे, ही या कथेची मुख्य रचनापद्धती होय. तसेच येथे सत्तेचे मूळ शस्त्रात नसून शिक्षणात आहे, ही बाबही ध्यानात घ्यावी.

शाळा

१९०९ मध्ये पतीचे निधन झाले. दोन्ही मुली तान्हेपणीच दगावल्या होत्या. मुलींच्या शाळेसाठी पतीने राखून ठेवलेल्या दहा हजार रुपयांतून रोकेयांनी त्याच वर्षी भागलपुरात पाच विद्यार्थिनींसह शाळा काढली. मालमत्तेच्या कौटुंबिक वादामुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. १९११ मध्ये कलकत्त्यात आठ विद्यार्थिनींसह शाळा पुन्हा सुरू झाली.

कल्पनेतील विद्यापीठ एका रात्रीत उभे राहते. वास्तवातील शाळेला मुलींना घरून आणण्याचाच प्रश्न पडला. पडदा राखण्यासाठी शाळेची मोटार सर्व बाजूंनी बंद केली, तेव्हा काळोखात आणि उकाड्यात मुलींना भोवळ आली. झडपा काढून पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रे आली. रोकेया स्वतः बुरखा वापरत राहिल्या. शाळा टिकवायची, तर पालकांचा विश्वास गमावून चालणार नव्हते. ही तडजोड त्यांना सुखाची नव्हती, परंतु शाळा वाढत गेली.

‘अवरोधबासिनी’

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या बंगाली पुस्तकात पडद्याविषयीच्या ४७ छोट्या हकिगती आहेत. त्यांतील एक स्त्री किऊल स्थानकावर बुरख्यात अडखळून रुळांवर पडते. परपुरुषाचा स्पर्श नको म्हणून मोलकरीण कोणालाही तिला उचलू देत नाही आणि ती गाडीखाली सापडते. डिस्टोपियासाठी भविष्यकाळाची कल्पना करण्याची लेखिकेला गरजच भासली नाही. तो तिच्या भोवतालीच होता. म्हणून ‘सुलतानाज ड्रीम’ आणि ‘अवरोधबासिनी’ ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते.

समारोप

९ डिसेंबर १९३२ रोजी कलकत्त्यात रोकेयांचे निधन झाले. आदल्या रात्रीपर्यंत त्या स्त्रियांच्या हक्कांविषयीचा एक लेख लिहीत होत्या. तो अपुराच राहिला. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. मराठीत काशीबाई कानिटकर यांच्या ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीतही स्त्रीच्या हाती आलेल्या संस्थानाच्या कारभाराचे आदर्श चित्र आढळते. दोन भाषांतील दोन लेखिकांना आदर्श राज्याची कल्पना करताना स्त्रीशिक्षणच केंद्रस्थानी ठेवावेसे वाटले, हे साम्य विचार करण्याजोगे आहे.

स्वाध्याय

१. ‘सुलतानाज ड्रीम’मधील भूमिकांच्या अदलाबदलीचे प्रयोजन स्पष्ट करा.
२. आदर्श समाजाची कल्पना आणि प्रत्यक्ष सामाजिक कार्य यांतील नाते रोकेयांच्या चरित्राच्या आधारे लिहा.