आधी पाहुण्याला खाली आणलं, मगच प्राण सोडला. मॅटरहॉर्नचा वाटाड्या कारेल

ऑगस्ट १८९०. इटली आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीवरचा मॅटरहॉर्न डोंगर. वरून बर्फ कोसळतंय, वारा माणसाला उभं राहू देत नाही, हाताला धरायचे दोर गोठून काठीसारखे कडक झालेत. अशा वेळी ६१ वर्षांचा एक वाटाड्या आपल्या पाहुण्याला कड्यावरून एकेक पाऊल खाली उतरवत होता. दिवस गेला, रात्र झाली. अवघड कडे मागे पडले, पाहुण्याच्या जिवावरचा धोका टळला. आणि मग तो वाटाड्या बर्फातच कोसळला, तो पुन्हा उठला नाही.

त्याचं नाव ज्याँ-आंत्वान कारेल. आल्प्स पर्वतात आजही हे नाव मानाने घेतलं जातं.

गरीब खोऱ्यातला गडी

कारेलचा जन्म १८२९ सालचा, वालतूर्नाँश या खोऱ्यातला. आज हा भाग इटलीत आहे. वर्षातले कितीतरी महिने बर्फ, थोडीफार गुरं, डोंगरउतारावरची तुकड्या-तुकड्यांची शेती, असा तिथला संसार. खोऱ्याच्या टोकाला मॅटरहॉर्न उभा. उंची ४,४७८ मीटर, म्हणजे साधारण १४,७०० फूट. चारी बाजूंनी तासल्यासारखा. त्याच्या माथ्यावर भुताखेतांची वस्ती आहे, असं जुनी माणसं मानत. त्यामुळे वर जायचं कुणी मनातही आणत नव्हतं.

कारेल तरुणपणी सैन्यात गेला. इटली एक देश व्हावा म्हणून ज्या लढाया झाल्या, त्यातल्या नोव्हारा आणि सोल्फेरिनोच्या लढाईत तो होता. तो ज्या पलटणीत होता तिच्यावरून लोक त्याला बेर्सालिएरे म्हणत. माणूस ताठ, मानी. कुणापुढे वाकणार नाही, आणि स्वतःच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणार नाही.

१८५७ साली कारेल गावातल्या दोघा-तिघांसोबत पहिल्यांदा त्या डोंगराकडे निघाला. फार वर जाता आलं नाही. पण भुतं काही भेटली नाहीत, आणि वाट असू शकते एवढं त्याला कळलं. तेव्हापासून हा डोंगर आपणच चढायचा, आणि तोही आपल्या खोऱ्याच्या बाजूने, हे त्याच्या मनात पक्कं बसलं.

लंडनचा व्हिंपर आला

१८६१ मध्ये लंडनहून एडवर्ड व्हिंपर नावाचा २१ वर्षांचा पोरगा आला. लाकडावर चित्रं कोरण्याचा त्याचा धंदा. त्यालाही हाच डोंगर हवा होता. पुढची चार वर्षं हे दोघं कधी एकत्र, कधी वेगवेगळे, या डोंगराशी झटत राहिले. व्हिंपरला कारेलची गरज होती, कारण त्याच्याइतका तयारीचा माणूस त्या बाजूला दुसरा नव्हता. कारेललाही पैशाची गरज होती. पण परक्या माणसाने आपल्या डोंगरावर पहिलं पाऊल ठेवावं, हे त्याला सहन होत नव्हतं.

जुलै १८६५ मध्ये ही ओढाताण टोकाला गेली. इटलीतल्या गिर्यारोहकांनी दोन वर्षांपूर्वीच स्वतःचा क्लब काढला होता. मॅटरहॉर्नचा मान इटलीला मिळावा म्हणून त्यांच्यातले फेलिचे जोर्दानो गुपचूप तयारीला लागले. त्यांनी कारेलला ठरवलं. ही खरी गोष्ट व्हिंपरच्या कानावर उशिरा आली, तोवर कारेलची टोळी डोंगराकडे निघालीही होती.

व्हिंपर चिडला. खिंड ओलांडून तो स्वित्झर्लंडच्या झरमॅट गावात पोचला आणि मिळतील ती माणसं गोळा केली. त्याच्यासकट सात जण झाले. १४ जुलै १८६५ ला दुपारी ते पलीकडच्या बाजूने माथ्यावर पोचले. खाली वाकून बघतात तर इटलीच्या बाजूने कारेलची माणसं अजून बरीच खाली. आपण वर आहोत हे कळावं म्हणून त्यांनी आरडाओरडा केला, दगड खाली ढकलले. कारेलने मान वर करून पाहिलं. आठ वर्षं ज्यासाठी घालवली, ते दुसऱ्याने नेलं होतं. तो तिथूनच मागे फिरला.

दोर तुटला

पण त्या दिवसाचा शेवट वेगळाच झाला. उतरताना व्हिंपरच्या टोळीतल्या १९ वर्षांच्या हॅडो नावाच्या नवख्या पोराचा पाय सटकला. तो मिशेल क्रोझ या वाटाड्यावर आदळला. दोराने बांधलेले आणखी दोघं ओढले गेले. मधला दोर तुटला. जवळ असलेल्या दोरांपैकी तो सगळ्यात कच्चा होता. चौघे जण हजारभर मीटर खाली हिमनदीवर कोसळले. व्हिंपर आणि झरमॅटचे टाउगवाल्डर बाप-लेक, एवढे तिघेच वाचले.

इकडे कारेल खाली येऊन मान खाली घालून बसला होता. पलीकडच्या अपघाताची बातमी अजून या खोऱ्यात आली नव्हती. पहिला मान गेला, तरी आपल्या बाजूने वाट निघते हे दाखवायला हवं, असं जोर्दानो आणि गावचे पाद्री आमे गोरे यांनी त्याला पटवलं. दुसरे गडी मागे हटले, तेव्हा गोरे स्वतः निघाले. जोर्दानोंनाही यायचं होतं. पण अशा कड्यावर नवख्या माणसाची जबाबदारी घ्यायला कारेल तयार झाला नाही. त्यांना खालीच थांबावं लागलं.

१७ जुलैला कारेल आणि ज्याँ-बाप्तिस्त बिक माथ्यावर पोचले. शेवटच्या टप्प्यात परतीची वाट राखायला गोरे आणि मेने हे दोघं माथ्याच्या जरा खाली थांबले. माथा हाताशी आलेला असताना त्यांनी तो सोडला, म्हणून बाकीचे दोघं परत येऊ शकले. चौघेही सुखरूप घरी आले.

जुना वैरी झाला सोबती

पुढे कारेल आणि व्हिंपर यांच्यातली कटुता निवळली. १८७९ च्या अखेरीस व्हिंपर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात निघाला, तेव्हा त्याने सोबतीला निवडलं ते कारेललाच. कारेलचा चुलतभाऊ लुईही बरोबर होता. ४ जानेवारी १८८० ला हे तिघं चिंबोराझो या ६,२०० मीटरहून उंच डोंगराच्या माथ्यावर पोचले. त्याआधी तिथे कुणी पोचलं नव्हतं. मॅटरहॉर्नवर हुकलेला पहिला मान कारेलला तिथे मिळाला, तोही ज्याच्याशी चढाओढ केली त्याच माणसाबरोबर.

शेवटची उतरण

ऑगस्ट १८९० मध्ये लेओने सिनिगालिया हा तुरीन शहरातला तरुण संगीतकार कारेलकडे आला. त्याला मॅटरहॉर्न चढायचा होता. सोबत चार्ल्स गोरे हा दुसरा वाटाड्या. कड्यावरच्या लहानशा झोपडीपर्यंत ते पोचले आणि वादळाने गाठलं. वादळ थांबेना. दोन रात्री तिथे अडकून पडल्यावर खाली उतरण्यावाचून इलाज राहिला नाही.

ही वाट कारेलच्या पायाखालची होती. बर्फाखाली कुठे पाय ठेवायचा, कुठला दोर धरायचा, हे त्याने सांगितलं, दाखवलं. उतरता उतरता त्याची ताकद संपत चालली. पण धोक्याची जागा मागे पडेपर्यंत तो बसला नाही. डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर मात्र त्याच्याने पाऊल उचलवेना. दोघांनी त्याला उठवायचे जमतील तेवढे प्रयत्न केले. उपयोग झाला नाही. सिनिगालिया आणि गोरे जिवंत गावात पोचले.

ज्या जागी त्याने प्राण सोडला, तिथे पुढे क्रूस उभारला गेला. डोंगर चढायला निघालेली माणसं आजही त्याच्यावरून जातात. व्हिंपरने त्याच्या शेवटच्या उतरणीची हकीकत आपल्या लिखाणात नोंदवून ठेवली.

मॅटरहॉर्नवर पहिला कोण, तर व्हिंपर. हे शाळेच्या पुस्तकातलं उत्तर झालं. पण वाटाड्याचा धंदा करणाऱ्यांना विचारलं, तर ते कारेलचं नाव घेतात. माथा गाठणं हे पाहुण्याचं काम. त्याला घरी परत पोचवणं हे वाटाड्याचं. कारेलने ते काम अर्धवट सोडलं नाही.