भुकेचं गणित मांडणारे डॉ. सुखात्मे

हल्ली होस्टेलवर अभ्यासापेक्षा प्रोटीनची चर्चा जास्त चालते. कोणी पावडरचा डबा आणतो, कोणी मेसच्या पातळ डाळीला नावं ठेवतो. याच विषयावर वाचताना मला डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे भेटले. ते डॉक्टर नव्हते, चक्क संख्याशास्त्रज्ञ होते!

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी काम केलं. तेव्हा पिकाचा अंदाज बहुधा नजरेनेच बांधत. त्याऐवजी नमुन्याची शेतं निवडायची, त्यातला ठराविक तुकडा कापायचा आणि धान्य मोजायचं, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले. आता पिकाऐवजी जगाची भूक मोजायची होती.

१९६८ च्या सुमारास जगावर प्रोटीनचं संकट येतंय अशी हाकाटी झाली. गरीब देशांना खास प्रोटीनयुक्त अन्न पुरवा, असा आग्रह सुरू झाला. सुखात्म्यांनी भारतीय आहाराचे आकडे तपासले आणि वेगळंच सांगितलं. आपल्या भाकरी-डाळीत प्रोटीन बऱ्यापैकी असतं. खरी अडचण ही की माणूस पोटभर जेवत नाही. चुलीत सरपण संपलं की दाराची फळी जाळावी, तसं उपाशी शरीर प्रोटीनच इंधन म्हणून जाळतं. मग शरीर बांधायला उरणार काय?

आज आपल्याला आणखी थोडं कळलंय. प्रोटीन खाल्लं की पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात. शिवाय प्रोटीनमधल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ते पचवण्यातच खर्च होते. म्हणून बसून काम करणाऱ्याची भूक आवरायला डाळ, अंडी, दही उपयोगी पडतात. पण ज्याला मुळातच जेवण कमी पडतं, त्याला भूक आवरून काय करायचंय? त्याला आधी भाकरी वाढवून हवी.

सुखात्म्यांचं सगळंच मान्य झालं नाही. एकाच माणसाचं खाणं दिवसागणिक बदलतं, तेव्हा सरासरी कॅलरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरू नका, असं ते म्हणत. यावर वि. म. दांडेकर, डॉ. गोपालन यांच्यासारख्यांनी कडाडून टीका केली. अशा हिशेबाने गरिबांची भूक कागदावर कमी दिसेल, ही भीती मलाही रास्त वाटते. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालेले सुखात्मे पुढे पुण्यात काम करत राहिले; १९९७ मध्ये ते गेले.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. पहाटेपासून कोयता चालवायचा, मोळ्या वाहायच्या आणि जेवण म्हणजे भाकरी न् पातळ कालवण. त्यांच्या पोरांच्या कुपोषणावर नुसती पावडरची पाकिटं वाटून भागणार नाही. भाकरी पुरेशी हवी, सोबत वाटीभर घट्ट डाळ हवी, आणि दोन्ही परवडेल अशी मजुरी हवी. आपण इंजिनिअर होणार, आकडे आपल्या हातात येणार. त्या आकड्यामागचं ताट बघायला विसरू नका, एवढंच सांगणं.