विश्लेषण : स्वतंत्र ‘द्रविडनाडू’ची मागणी अण्णादुराईंनी का सोडली?

देशातून फुटून निघण्याचा प्रचार करत निवडणूक लढवायला भारतीय राज्यघटनेत १९६३ पर्यंत थेट आडकाठी नव्हती. ती आली, त्याला मुख्यत्वे सी. एन. अण्णादुराई आणि त्यांचा द्रविड मुन्नेत्र कळघम (द्रमुक) हा पक्ष कारण ठरला.

अण्णादुराई कोण होते?

१५ सप्टेंबर १९०९ रोजी कांचीपुरममधल्या विणकर समाजातील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातून ते एम.ए. झाले. पत्रकार, नाटककार आणि पटकथालेखक असलेले अण्णादुराई पेरियार रामस्वामी यांचे उजवे हात मानले जात. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळी मुलखांचे वेगळे राष्ट्र ही मूळ मागणी पेरियारांचीच. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस पेरियारांनी शोकदिन ठरवला, तेव्हा अण्णादुराईंनी उघडपणे विरोध केला. पुढे पेरियारांच्या उतारवयातील विवाहाचे निमित्त झाले आणि १९४९ मध्ये द्रमुक स्थापन झाला. मागणी मात्र अण्णादुराईंनी सोबत नेली.

मागणीत अडचण कोणती होती?

तमिळ मुलखाबाहेर ती कोणालाच नको होती. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेने तेलुगू, कन्नड आणि मल्याळी भाषकांना आपापले राज्य मिळाले. (महाराष्ट्र त्याच सुमारास रस्त्यावर उतरला होता, पण भारतातच स्वतःचे राज्य मिळवण्यासाठी.) पक्षातही कुरबुर होती. ई. व्ही. के. संपत यांनी ही मागणी अव्यवहार्य ठरवत १९६१ मध्ये द्रमुक सोडला.

तरीही १९६२ च्या निवडणुकीत मद्रास विधानसभेत द्रमुकच्या जागा १५ वरून ५० वर गेल्या. खुद्द अण्णादुराई कांचीपुरममध्ये पडले आणि राज्यसभेवर गेले. तिथल्या पहिल्याच भाषणात त्यांनी द्राविडांसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. मागणी द्वेषापोटी नाही, आपली संस्कृती वेगळी आहे म्हणून आहे, असा त्यांचा रोख होता. गदारोळ झाला, पण ते बोलू शकले, हे नोंदवायला हवे.

मग माघार का?

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. द्रमुकने प्रचार थांबवून केंद्राला पाठिंबा दिला. पाठोपाठ १६ वी घटनादुरुस्ती आली. देशाच्या सार्वभौमत्व व अखंडतेसाठी भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, अशी तरतूद अनुच्छेद १९ मध्ये झाली. उमेदवारी अर्ज भरतानाच अखंडतेची शपथ बंधनकारक झाली. अण्णादुराईंनी राज्यसभेत विधेयकाला विरोध केला. ते मंजूर झाल्यावर त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : निवडणुका सोडायच्या किंवा मागणी. त्यांनी १९६३ मध्ये पक्षाची घटनाच बदलून मागणी सोडली. केवळ कायद्याच्या धाकाने त्यांनी माघार घेतली, असे म्हणणे अपुरे आहे. संपत यांनी दाखवलेली अडचण त्यांनाही दिसत असणारच. कायद्याने परतीची वाट सोपी केली.

पुढे काय झाले?

१९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाने पक्षाला नवा, जवळचा प्रश्न दिला. १९६७ मध्ये काँग्रेसचा पराभव करून अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. मद्रास राज्याचे नाव १४ जानेवारी १९६९ पासून तमिळनाडू झाले, तेव्हा ते कर्करोगाने खंगले होते. वीस दिवसांनी, ३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या करुणानिधींनी त्याच वर्षी केंद्र-राज्य संबंधांच्या अभ्यासासाठी राजमन्नार समिती नेमली. आता मागणी होती ती राज्यांना अधिक अधिकार देण्याची.